त्रफिम आजारीच राहिला

आजचे वाचन : २ तीमथ्य ४:९-२२



पत्राचा शेवट आपण बहुधा भराभर वाचून टाकतो. कोण कुठे गेला, कोणाला सलाम सांगायचा, येताना काय आणायचे. आजच्या उताऱ्यातले विसावे वचनही तसेच आहे. एरास्त करिंथात राहिला आणि त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवले, एवढीच बातमी. आत्याने बोट ठेवून दाखवेपर्यंत मीही तिथे कधी थांबले नव्हते.

आत्या नर्स होती. सगळी नोकरी दुसऱ्यांची दुखणी काढण्यात गेली. एके सकाळी आरशात डोळे पिवळे दिसले आणि बाकीच्यांच्या आधी तिलाच शंका आली. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर शब्द शोधत होते, तेव्हा हीच म्हणाली, "ऑपरेशन होण्यासारखं नाही ना? सरळ सांगा."

आम्ही उपास केले. मंडळीने रात्रभर प्रार्थना केली. याकोबाच्या पत्रात (५:१४) सांगितले आहे तसे पाळकसाहेबांनी घरी येऊन तेल लावून प्रार्थना केली. आत्याने मनापासून आमेन म्हटले. पण दुखणे वाढतच गेले.

मग एके दिवशी एक ओळखीच्या बाई भेटायला आल्या. प्रार्थना झाल्यावर म्हणाल्या, "तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय. काही लपलेलं पाप आहे का, तपासून बघा." मी चहा घेऊन दारात उभी होते. हात थरथरायला लागले. खरं सांगू? राग त्या बाईंचा आला, त्याहून जास्त देवाचा आला. कारण तोच प्रश्न माझ्याही मनात होता.

त्या गेल्यावर आत्याने मला बायबल आणायला सांगितले. आधी प्रेषितांची कृत्ये १९ काढायला लावले. इफिसात देवाने पौलाच्या हातून अशी अद्‌भुते केली की त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन घातले तरी आजारी बरे होत. मग २१:२९. हा त्रफिम त्याच इफिसचा! आणि शेवटी आजचे हे वचन.

"आता सांग बाळ," ती म्हणाली, "पौलाचा विश्वास कमी होता? की त्रफिमाचा? पौलाने त्याला दोष दिलेला दिसतो का कुठे? आजारी होता, ठेवून आलो, बस्स. आजारी माणसाला नुसतं आजारी म्हणायची सुद्धा मोकळीक असते गं."

प्रियांनो, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. प्रभू आजही बरे करतो, हे मी मानते आणि आजाऱ्यांसाठी तसेच मागतेही. पण बरे होणे हे विश्वासाच्या परीक्षेत मिळालेले गुण नव्हेत. आधीच वेदनेखाली दबलेल्या माणसाच्या उशाशी आपण दोषाचे ओझे ठेवून येतो आणि त्याला सेवा म्हणतो, तेव्हा आपण ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसतो.

आत्या काही दगडाची नव्हती. एका रात्री ती रडली. "मरणाची भीती नाही गं. दुखण्याची वाटते," म्हणाली. मी काहीतरी वचन आठवायला लागले, तर म्हणाली, "नको बोलूस. नुसती बस." मी तिचा हात धरून बसले. वेदनेची गोळी लागू पडेपर्यंत ती पुटपुटत होती, "आहेस ना प्रभू? आहेस ना?" तिचा विश्वास मी पाहिला तो असा. उत्तर मिळाले नाही, तरी ज्याला विचारायचे तो तिने बदलला नाही.

याच उताऱ्यात पौल तुरुंगातून आपला झगा मागवतो. ते वाचताना आत्या हसली होती. "एवढा मोठा प्रेषित, पण थंडी वाजतेच की! माझी शाल दे बघू." आणि पुढे सतराव्या वचनात तो लिहितो की सगळे सोडून गेले तेव्हाही प्रभू त्याच्याजवळ उभा राहिला. बेड्या तुटल्या असे तो म्हणत नाही. प्रभू जवळ होता, म्हणतो.

शेवटच्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. गिळता येत नव्हते. भाकरीचा कण द्राक्षारसात भिजवून जिभेवर ठेवला. तिने डोळे मिटले आणि कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. तीन दिवसांनी ती प्रभूकडे गेली.

त्रफिमाचे पुढे काय झाले ते पवित्र शास्त्र सांगत नाही. पण त्याचे नाव त्यात आहे, आजारासकट. जे बरे झाले त्यांच्या शेजारी, जो बरा न होता मागे राहिला त्याचेही नाव प्रभूने राखून ठेवले.

आज तुमच्या ओळखीत असा कोणी त्रफिम आहे का? त्याच्याकडे जा. उपदेश घरी ठेवा, शाल घेऊन जा. थोडा वेळ नुसते बसा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, जे आज अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्याजवळ उभा राहा. आमच्या जिभेने कोणाची जखम वाढवली असेल तर आम्हाला क्षमा कर. तुझ्या इच्छेने बरे कर, आणि बरे होईपर्यंत किंवा तुझ्याजवळ येईपर्यंत कोणालाही एकटे सोडू नकोस. येशूच्या नावात मागते. आमेन.