दुखणे सांगणे म्हणजे अश्रद्धा नव्हे



प्रोस्टेटचा कर्करोग बळावला की तो बहुधा हाडांत पसरतो. कणा, कंबर, खुबे दुखू लागतात, रात्रभर डोळा लागत नाही. तरीही आपले वडीलधारे पुरुष बोलत नाहीत. विचारले तर म्हणतात, ‘‘प्रभूने क्रुसावर सोसले, मग मी का नको?’’

हे शब्द श्रद्धेचे आहेत. आपले दुःख स्वखुशीने प्रभूच्या दुःखाशी जोडणे मोलाचेच आहे. पण ख्रिस्तसभा ते कोणावरही लादत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले, की दुसरा उपाय नसेल तर वेदना शमवणारे औषध द्यावे. त्याने गुंगी आली वा आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला, तरी ते पाप नव्हे. हेतू वेदना शमवण्याचा हवा, जीव घेण्याचा नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही हेच शिकवतो.

रोग बरा होण्याजोगा नसला तरी उपचार संपत नाहीत. पुरुषी हार्मोन रोखणारी औषधे रोगाची वाढ आवरतात. दुखऱ्या हाडाला रेडिएशन दिल्यास, कित्येकदा एकाच बैठकीत, पुष्कळांना आराम पडतो. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन आहे. त्याचे नाव काढताच आपण घाबरतो. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याचा धोका कमी असतो, आणि मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट आला असेही नाही. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक मागून घ्यावे. मात्र पायांतली शक्ती अचानक गेली किंवा लघवी अडली, तर कण्यातील मज्जारज्जू दबल्याची शक्यता असते. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि खर्चही सोसला. आपल्यालाही तेच करायचे आहे.

या आठवड्यात घरातल्या वा शेजारच्या आजाऱ्याजवळ बसू या. ‘‘बरे आहे ना?’’ एवढेच न विचारता, ‘‘कुठे दुखते? रात्री झोप लागते का?’’ असे विचारू या आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवू या. रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंनाही वेळीच बोलावू या, शुद्ध हरपण्याची वाट पाहू नये. वेदना हलकी झाली की आजाऱ्याला प्रार्थना करता येते, मुलानातवंडांशी चार शब्द बोलता येतात.

आजाऱ्यांना स्पर्श करणारा प्रभू आपल्या हातांना तीच माया देवो. आमेन.