शीत सोसणे आणि शीताकडे जाणे

बागबाजारच्या आमच्या गल्लीतील एक तरुण रविवारच्या गीतापाठास नियमाने येतो. गेल्या मार्गशीर्षात पाठ संपल्यावर तो मागे राहिला आणि म्हणाला, "पंडितमशाय, पौषात सायकलने खर्दुंग-ला ओलांडण्याचा विचार आहे. आपला आशीर्वाद हवा." दुसऱ्याच दिवशी त्याची आई घरी आली. तिचे मागणे उलट होते. "असे करू नये म्हणून गीतेत जे लिहिले असेल, तेवढे त्याला दाखवा." एकाच ग्रंथाकडून दोघांना दोन उत्तरे हवी होती, आणि त्या आठवड्यात मी नेमका दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकाच्या भाषांतरापाशी अडलो होतो.

त्या श्लोकात भगवंत अर्जुनास सांगतात की, शीत-उष्ण देणारे विषयस्पर्श येतात आणि जातात, ते सहन कर. तेथे योजलेले क्रियापद 'तिज्' धातूचे आहे. धातुपाठात ह्या धातूचा अर्थ धार लावणे असा दिला आहे. 'तेज' आणि 'तीक्ष्ण' हे शब्द त्याच घरचे. 'सन्' प्रत्यय लागला म्हणजे मात्र तोच धातू क्षमा, सोसणे असा अर्थ देतो. तितिक्षेच्या पोटात धार आहे, ही गोष्ट मी त्या तरुणास मुद्दामच सांगितली नाही. सांगितली असती तर त्याने त्याच दिवशी तिकीट काढले असते!

खर्दुंग-ला म्हणजे लेहच्या उत्तरेची सुमारे ५,३५९ मीटर उंचीची खिंड. (तेथील फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते, प्रत्यक्ष मोजणीत ती उंची सुमारे आठशे फुटांनी कमी भरली. राजस तपाला फलक लागतो, तो असा.) तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याजवळ येतो आणि पौषात रात्रीचे तापमान उणे वीसच्याही खाली जाते. चढताना देह तापतो, घामाने आतले वस्त्र भिजते. खरा घात उतरताना होतो, कारण तेव्हा पाय चालत नाहीत, देहात उष्णता निर्माण होत नाही आणि वारा मात्र वाढतो. उणे १५ अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती थंडी उणे २७ सारखी लागते. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबला गेला की नाही, हेही कळत नाही.

हे सर्व मांडून मी त्यास म्हटले, "बाबा रे, श्लोकातील शीत आपण होऊन येते. तू तर शीताच्या घरी पाहुणा म्हणून निघालास. सतराव्या अध्यायात दंभ आणि अहंकाराने देहातील भूतसमुदायास कष्टविणाऱ्यांना भगवंतांनी कोणत्या निश्चयाचे म्हटले आहे, ते वाच."

तो शांतपणे म्हणाला, "आणि आपण माघात पहाटे बागबाजार घाटावर गंगेत उतरता, ती थंडी आपल्या घरी येते काय?"

मी काही बोललो नाही. पुढे तो विमल मुखर्जींबद्दल सांगू लागला. ते १२ डिसेंबर १९२६ रोजी ह्याच कोलकात्याच्या टाउन हॉलपासून तीन सोबत्यांसह सायकलने जगप्रवासास निघाले आणि १९३७ साली परतले. त्यांच्या आईला कोणी श्लोक दाखविला असेल काय, असे त्याने विचारले. माझे चित्त मात्र घाटावरच अडकून राहिले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या माघात मला ज्वर होता. तरीही मी स्नानास गेलो. कारण शास्त्राचे नव्हते; सोळा वर्षांचा नेम मोडला हे घाटावरच्या लोकांच्या ध्यानात आले असते, एवढेच. पुढे एकवीस दिवस मी अंथरुणावर होतो. माझ्या कुटुंबाला दम्याचा विकार आहे. तिने त्या थंडीत रात्रीच्या रात्री जागून काढल्या आणि त्यानंतर तिची प्रकृती पूर्वीसारखी कधी झाली नाही. दुराग्रहाने स्वतःस पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस होय, हा श्लोक मी शेकडो वेळा शिकविला आहे. दुसऱ्याचा नाश माझ्या मनात नव्हता हे खरे, पण तेवढ्याने तिचा दमा हलका झाला नाही.

दुसऱ्या रविवारी मी त्या तरुणास ही हकीकत सांगितली. मग विचारले, "माथा पन्नास पावलांवर आहे आणि बोटे बधिर झाली आहेत. परत फिरशील? परतल्यावर कोणी हसले तर झोप लागेल? तू अडकलास तर तुला आणायला जे सैनिक किंवा मोटारचालक त्याच थंडीत येतील, त्यांनाही आई आहे."

थंडी आली की आपण तिच्याकडे गेलो, हा माझा पहिला भेद त्याच्या एका प्रश्नानेच ढासळला होता. अर्जुनही रणांगणावर स्वतःच रथ घेऊन आला होता. आता मला असे दिसते की, जो परत फिरू शकतो त्याच्याच सोसण्याला तितिक्षा म्हणावे. ज्याला परतता येत नाही त्याला थंडीने नव्हे, लोकांच्या नजरेने धरलेले असते. विवेकचूडामणीत तितिक्षेच्या लक्षणात प्रतीकार न करणे सांगितले आहे, त्यावरून लोकरी हातमोजे घालणे दोषास्पद ठरते काय, असा एक पंडिती प्रश्न निघू शकेल. तो काढणाऱ्याने आधी लेहला जाऊन यावे.

उत्तर द्यायला त्याने आठ दिवस घेतले. म्हणाला, "छायाचित्र न काढता परतणे जमेल. पन्नास पावलांवरून परतणे जमेलच, असे आज सांगू शकत नाही."

मी आशीर्वाद दिला नाही आणि नकारही दिला नाही. अर्ध्या वाटेवरून परतलास तर प्रथम माझ्याकडे ये, एवढेच म्हटले. त्याच्या आईने लोकर आणली आहे. ती हातमोजे विणते आणि विणताना मला बोल लावते. यंदाच्या माघस्नानास जावे की नाही, हे मी कुटुंबाला विचारले आहे. तिने अजून सांगितलेले नाही.