हजरत मूसांची बहीण

सहावीच्या वर्गात एक मुलगी बाकावर डोके टेकून झोपली होती. आम्ही तिला उभे केले आणि चार शब्द सुनावले. ती मान खाली घालून उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीने सांगितले, "टीचर, काल तिच्या भावाला रक्त चढवलं. घरी धाकट्या बहिणीला तीच सांभाळत होती." आम्हाला आमचीच शरम वाटली.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. अम्मी कौतुकाने म्हणाल्या, "आमची मुलगी फार समजूतदार. कसला हट्ट नाही, रडणं नाही. भावावर जीव टाकते." आम्हीही मान डोलावली. परतताना मात्र मनात प्रश्न उभा राहिला. अकरा वर्षांची मुलगी कधीच हट्ट करत नाही, हे प्रेम की भीती?

भावाला थॅलेसेमिया मेजर आहे. आई आणि वडील दोघेही या आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातून शरीरात लोह साठते, म्हणून ते बाहेर काढण्याचे औषधही घ्यावे लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. त्यासाठी सर्वांत आधी सख्ख्या भावंडांची तपासणी होते. एखाद्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच.

या मुलीचीही तपासणी झाली होती. एकदा वही दाखवताना ती हळूच म्हणाली, "टीचर, माझं जुळलं नाही." जणू परीक्षेत नापास झाल्याची कबुली देत होती. भावाला वाचवणे हे आपलेच काम होते आणि ते आपल्याला जमले नाही, असे तिने मनात धरले होते. हे ओझे तिच्यावर कोणी मुद्दाम टाकले नव्हते. पण 'हा तुझा दोष नाही' असेही तिला कोणी सांगितले नव्हते.

मुलांमध्ये इन्साफ करा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. हजरत नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) तिला साक्षीदार होण्यास नकार दिला. आजारपणात मात्र सारखी वाटणी होणे शक्य नाही. रात्रीची जाग, पैसा, दुआ, सारे आजारी मुलाकडे जाते आणि जायलाच हवे. मग निरोगी मुलाचा हक्क कोणता?

आम्हाला सूरह कससमधली हजरत मूसांची बहीण आठवते. बाळ नदीत सोडले गेले, आईचे काळीज रिकामे झाले. तेव्हा दुरून बाळावर नजर ठेवणारी, परक्या महालात अक्कल हुशारीने बोलणारी ही बहीणच होती. बाळ परतले, आईचे डोळे निवले. त्या बहिणीचे नाव कुरआनमध्ये येत नाही. आपल्या घरांतूनही अशा बहिणी आहेत. त्यांचे काम सर्वांना दिसते, पण काठावरून चालताना त्यांना किती भीती वाटली हे कोणी विचारत नाही.

पुढच्या खेपेला आम्ही तिला विचारले, "कशी आहेस?" ती म्हणाली, "भाई बरा आहे." आम्ही म्हणालो, "भाईचं नाही, तुझं विचारलं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ईदला हिरव्या बांगड्या हव्या होत्या. मागितल्या नाहीत."

बांगड्या मागितल्या असत्या, तर तिचे भावावरचे प्रेम रतीभरही कमी झाले नसते. मुलाने तक्रार केली नाही म्हणजे त्याला दुःख नाही, असे आपण मोठ्यांनी समजू नये. आजार काय आहे हे त्याला खरे खरे सांगावे. त्याच्याकडून काही घ्यायचे असेल, मग ती मज्जा असो की रात्रीची झोप, तर आधी विचारावे. आणि रोज थोडा वेळ तरी त्याला कोणाचाही भाऊ किंवा बहीण न राहता नुसते मूल होऊ द्यावे. आम्हाला वाटते, अशा घरात इन्साफ म्हणजे हाच.