आधी कोण आलं?

डोंबिवलीच्या एमआयडीसीत काही पेटलं किंवा फुटलं की दुसऱ्या दिवशी एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो: कंपन्या आधी आल्या की वस्ती? कारखानदार म्हणतात, आम्ही साठच्या दशकात आलो तेव्हा इथे भातशेती आणि माळरान होतं, बिल्डर नंतर आले. रहिवासी म्हणतात, आम्ही रीतसर परवानगीच्या इमारतीत रीतसर कर्ज काढून घर घेतलं, परवानगी देणाऱ्याला समोरचं धुराडं दिसलं नव्हतं का? आणि सोनारपाडा, आजदे, सागाव, गोळवली इथले जुने लोक दोघांकडे बघून म्हणतात, आम्ही तुम्हा दोघांच्याही आधीचे, कंपन्यांखाली आमच्याच जमिनी गेल्या.

तिघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच या वादातून काही निघत नाही. चार दिवस तो चालतो, मग खिडक्यांना नव्या काचा बसतात.

२६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. बारा माणसं गेली, जखमींचा आकडा शेकड्यांत गेला, आसपासच्या इमारतींची तावदानं फुटली. पंचनामे झाले आणि भरपाईची वाट पाहण्यात लोकांची वर्षं गेली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. दहाहून अधिक मृत्यू, काही मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. पहिल्या बातम्यांत बॉयलर फुटला होता, नंतर रिअ‍ॅक्टर फुटल्याचं पुढे आलं. महिना मेचा, वार गुरुवार आणि मरणारे बहुतांशी कामगार, एवढं दोन्ही वेळी सारखं होतं. या स्फोटांखेरीज शहराने प्रदूषणाचे रंगही पाहिले: जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी रस्ता. गुलाबी रस्त्याची छायाचित्रं देशभर गाजली. रंग फोटोत दिसतो, अंतर दिसत नाही. मला बोलायचं आहे ते अंतराबद्दल.

डोंबिवलीत एमआयडीसीचा स्वतःचा निवासी विभाग आहे. ज्या महामंडळाने कारखान्यांचे भूखंड पाडले त्यानेच शेजारी घरांचेही पाडले. म्हणजे ‘बिल्डरांनी घोळ केला’ ही कथा पूर्ण नाही, शेजार हा मूळ आराखड्यातलाच. त्यापलीकडे महापालिकेची हद्द. त्याला लागून सत्तावीस गावं, जी १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आत आली. बाहेर असतानाच्या काळात तिथे ग्रामपंचायती होत्या आणि पुढे नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीए. कंपनीच्या कुंपणाच्या एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला वर्षानुसार महापालिका, ग्रामपंचायत किंवा एमएमआरडीए. कुंपणाच्या आतल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, बॉयलरसाठी बाष्पके संचालनालय, धूर-सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. एवढ्या कार्यालयांत कुंपण आणि पहिली इमारत यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्याचं टेबल कुठेच नाही.

ही उणीव कायद्यातच आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये एक नवं प्रकरण घातलं गेलं. धोकादायक कारखाना काढायचा किंवा वाढवायचा असेल तर जागेची पारख करणारी समिती त्यात आली. तिच्यावर राज्याच्या नगररचना विभागाचा प्रतिनिधी ठेवला गेला, स्थानिक संस्थेच्या माणसालाही बोलावण्याची सोय झाली. १९८९ च्या नियमांनी धोकादायक रसायनांच्या साठ्याची मर्यादा ठरवली आणि तिच्यापेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्यांसाठी कुंपणाबाहेरच्या आपत्तीचा आराखडा करण्याची जबाबदारी जिल्हा पातळीवर टाकली. या साऱ्या व्यवस्थेत प्रश्न एकालाच विचारला जातो: कारखान्या, तू कुठे बसतोयस? इमारतीला तोच प्रश्न विचारणारी समिती नाही. कारखाना माळरानावर उभा राहतो, समिती समाधानाने सही करते, आणि मग माळरान त्याच्या दिशेने चालत येतं. सात मजल्यांचा प्रस्ताव नगररचना खात्यात येतो तेव्हा रस्त्याची रुंदी पाहतात, सामासिक अंतर पाहतात, पार्किंग मोजतात, अग्निशमनचा दाखला मागतात. हा दाखला इमारतीतल्या आगीचा. शेजारच्या टाकीत काय आहे, याचा नाही. नगररचनेचा माणूस कारखान्याच्या समितीत जाऊन बसतो, कारखाना निरीक्षकाला मात्र इमारतीच्या फायलीत खुर्ची नाही.

शिवाय ही साठ्याची मर्यादा स्वतःच फसवी आहे. तिच्याखाली राहिलेला छोटा कारखाना या कुंपणाबाहेरच्या आराखड्यात येत नाही, आणि भिंतीला भिंत लावून असे दहा कारखाने असले तरी कागदावर ते दहा छोटेच राहतात. प्रदूषण मंडळाच्या लाल, नारिंगी, हिरव्या वर्गवारीवर लोकांची भिस्त असते, पण ती रोजच्या धुराची आणि सांडपाण्याची प्रतवारी आहे. एका दुपारी काय होऊ शकतं, हे ती सांगत नाही.

आता ‘आधी कोण’ या प्रश्नाकडे परत येऊ. इंग्लंडमध्ये १८७९ साली एका मिठाईवाल्याचा खटला गाजला. त्याचा खलबत्ता वीस वर्षांहून अधिक काळ चालू होता. शेजारच्या डॉक्टरने नंतर आपल्या बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि खलबत्त्याच्या दणक्याने रुग्ण तपासता येत नाहीत म्हणून तो कोर्टात गेला. कोर्टाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला. नंतर आलेल्याचाही हक्क मान्य झाला. पुढे रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच खटल्यावरून वेगळंच काढलं. उपद्रव एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, तो दोघांच्या जवळ असण्यातून जन्मतो. म्हणून दोष कोणाचा यापेक्षा तो टाळण्याचा खर्च कोणाला कमी येतो आणि तो कोणी उचलायचा, हा प्रश्न कामाचा. कोसच्या गणितात मिठाईवाला आणि डॉक्टर समोरासमोर बसून सौदा करू शकतात. डोंबिवलीत एका बाजूला शेकडो कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला लाखो माणसं आहेत, त्यांचा सौदा चहाच्या टपरीवर होणार नाही. तो करायचा कोणी, तर स्थानिक सरकारने. त्यासाठीच तर झोनिंग.

मग एक रेघ ओढून टाकावी, इतकं सोपं वाटतं. रेघ ओढली की काय होतं ते पिंपरी-चिंचवडकरांना विचारा. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती १९०३ च्या संरक्षण कायद्याखाली दोन हजार यार्डांचा पट्टा आखलेला आहे. तिथे ‘रेड झोन’ हा शब्द घराघरात आहे. तळवडे, रुपीनगर, निगडीचा काही भाग, किवळे इथे तो लग्नाच्या बोलण्यांतही निघतो: जागा कुठे आहे, रेड झोनमध्ये तर नाही ना? पट्टा कागदावर पक्का आहे. जमिनीवर वस्ती आहे, दुकानं आहेत, शाळा आहेत. कारण सरळ आहे. ज्याची शेती या पट्ट्यात आली त्याच्या सातबाऱ्यावर नाव राहिलं आणि किंमत गेली. बांधता येत नाही, बिनशेती होत नाही, बँक दारात उभी करत नाही. मग तो गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याने विकतो, आणि शहरात दुसरीकडे ज्याला परवडत नाही तो कामगार स्टॅम्प पेपरवर घेतो. बंदीने जागा मोकळी राहिली नाही, फक्त स्वस्त झाली. सगळ्यांत धोक्याच्या जागी सगळ्यांत कमी पैशांची माणसं गेली. प्रत्येक निवडणुकीत रेड झोनची हद्द कमी करण्याचं आश्वासन येतं. डेपो हलवण्याच्या किंवा जमीनमालकाला मोबदला देण्याच्या मुद्द्यावर सभा भरत नाहीत.

याच तळवडे परिसरात डिसेंबर २०२३ मध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका विनापरवाना शेडला आग लागली. मरण पावलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. जिथे अधिकृत काहीच होऊ शकत नाही तिथे जे होतं ते सगळं अनधिकृत असतं, आणि अनधिकृत जागेला निरीक्षक नसतो. निरीक्षकाने तिथे जायचं तर आधी ती जागा आहे हे मान्य करावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मोकळी जागा फुकट मिळत नाही. सुरक्षित अंतर ही कोणाची तरी जमीन असते. डोंबिवलीत रेघच नाही, देहूरोडला रेघ आहे पण तिचे पैसे कोणी दिले नाहीत, आणि दोन्हीकडे शेवट दाट वस्तीत झाला.

फ्रान्समधल्या तुलूजला हे फार महागात पडून कळलं. तिथला खतकारखाना १९२४ मध्ये शहराबाहेर उभा राहिला होता, मग शहर त्याच्याभोवती वाढलं. गोष्ट ओळखीची आहे. २१ सप्टेंबर २००१ ला तिथल्या अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा स्फोट झाला आणि ३१ माणसं गेली. त्यानंतर २००३ मध्ये त्यांनी जो कायदा केला त्यात अतिधोकादायक कारखान्यांभोवती पट्टे आखले. अगदी आतल्या पट्ट्यातली घरं संपादित करायची. त्याबाहेरच्या पट्ट्यात घरमालकाला आपलं घर विकत घ्या असं सांगण्याचा हक्क. आणखी बाहेर काचा-भिंती मजबूत करण्याची सक्ती. आणि या खरेदीचा खर्च शासन, स्थानिक संस्था आणि कारखाना तिघांनी वाटून घ्यायचा. अंमलबजावणी रखडली, पैशांवरून भांडणं झाली, हे सगळं तिकडेही झालं. पण भांडण निदान योग्य गोष्टीवरून झालं.

आपल्याकडे या अंतराची राखण महापालिकेने करावी अशी अपेक्षा असते. महापालिकेचं पोट कशावर चालतं ते पाहिलं की ती अपेक्षा भाबडी वाटते. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. स्वतःच्या हातात उरलं ते मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्यांचं विकास शुल्क, प्रीमियम. मोकळा पट्टा राखणं म्हणजे स्वतःचं उत्पन्न नाकारणं. ज्या खात्याने नाही म्हणायचं, त्याच्याच होकारावर बजेट उभं आहे.

आणि नाही म्हणणारा लोकप्रतिनिधी तरी कुठे होता? ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांना जी कामं दिली त्यांत पहिलं नगर नियोजन आहे, दुसरं जमीनवापर आणि बांधकामांचं नियमन, सातवं अग्निशमन. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आला. अमुदानचा स्फोट झाला तेव्हा शहराला एकही नगरसेवक नव्हता. त्याच शहरात खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेरात नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेतलेल्या माणसाने काय चुकीचं केलं होतं? त्याने रेराचा क्रमांक पाहिला होता. आपल्याला दक्ष ग्राहक म्हणून जे करायला सांगतात, ते त्याने केलं होतं.

एक लहान गोष्ट मात्र आज करता येण्यासारखी आहे. घर किंवा जमीन घेताना झोन दाखला आणि भाग नकाशा काढतात. त्यात झोन, आरक्षण, डीपी रस्ता कळतो. नदीकाठच्या जमिनीला निळी आणि लाल पूररेषा लागू होते, ती जलसंपदा विभाग आखतो आणि नगररचना पाळते, निदान पाळायची असते. म्हणजे एका खात्याने धोका मोजायचा आणि दुसऱ्याने तो नकाशावर उमटवायचा ही रीत आपल्याकडे आहेच. रसायनांसाठी तीच वापरायला हरकत काय? औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने रेषा द्यावी आणि दाखल्यावर एक रकाना वाढावा: सर्वांत जवळचा धोकादायक साठा इतक्या मीटरवर. किमती पडतील म्हणून याला विरोध होईल. विकासक करतील, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आत्ताचे फ्लॅटमालकही करतील. धोका माहीत असणं आणि तो सातबाऱ्याच्या शेजारी छापलेला असणं यांत लाखो रुपयांचा फरक आहे.

शासनाचा आवडता उपाय स्थलांतराचा. डोंबिवलीतल्या १५६ धोकादायक कंपन्या पाताळगंगेला हलवण्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, २०२४ च्या स्फोटानंतर तेच पुन्हा. कामगार डोंबिवलीतून रसायनीला रोज कसा जाईल, छोट्या कारखानदाराला नवा प्लांट परवडेल का, हे प्रश्न आहेतच. पाताळगंगेच्या आसपासही गावं आहेत, आणि नवी मुंबई विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून पनवेल-खालापूर पट्ट्यातली जमीन काय भावाने बोलते ते कोणत्याही एजंटला विचारावं. तिथल्या कुंपणाबाहेरचा पट्टा कोण विकत घेणार, हे या घोषणांत कुठे वाचायला मिळत नाही.

आणि इथे रिकाम्या होणाऱ्या भूखंडांचं काय? औद्योगिक जमिनीचा वापर बदलून निवासी करण्याची तरतूद विकास नियमावल्यांत आहे. बाजारात तिला ‘आय टू आर’ म्हणतात आणि ते तीन शब्द ऐकले की जमिनीचा भाव बसल्या जागी चढतो. दीडशे कंपन्या एका रात्रीत जात नाहीत. ज्याला जमेल तो आधी जाईल, भूखंड विकून त्यातच नव्या प्लांटचे पैसे उभे करेल. त्या भूखंडावर टॉवर येईल. ज्या कंपन्यांना हलणं परवडलं नाही, ज्यांचा प्लांट सगळ्यांत जुना आणि देखभाल सगळ्यांत कमी, त्या मागे राहतील आणि त्यांच्या कुंपणाला यापुढे तिन्ही बाजूंनी बाल्कन्या असतील. प्रत्येक बाल्कनीमागे सीसी असेल, ओसी असेल, रेराचा क्रमांक असेल. वापर बदलाच्या परवानगीत ‘शेजारचा धोकादायक साठा हलल्याशिवाय नाही’ ही एक अट घातली तर हे थांबू शकतं. ती घालण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाकडे आणि नगरविकास खात्याकडे आहे. ती घातली तर पहिल्या विकलेल्या भूखंडाचा भाव कमी येईल आणि स्थलांतराचं सगळं आर्थिक गणित पुन्हा मांडावं लागेल.