दुःखी विधवेला कोणती आशा सांगावी?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या वाशीम जिल्ह्यातील एका लहान मंडळीस भेट देण्याचा योग आला असता तेथील सुवार्तिक बंधूने आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्या मंडळीतील एका शेतकऱ्याने कर्जाच्या ओझ्याखाली दबून स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले होते. मागे तरुण बायको, दोन लेकरे आणि सोयाबीन उभे असलेले थोडेसे शेत. सुवार्तिक म्हणाला, "पाळकसाहेब, मी तिच्या घरी तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी शास्त्र वाचले, प्रार्थना केली आणि उठलो. तिसऱ्या वेळी ती मला म्हणाली, 'भाऊ, तुम्ही म्हणता आशा धर. कशाला धरू, ते मात्र सांगत नाही.' आता चौथ्या वेळी मी काय तोंड घेऊन जावे?"

त्या सायंकाळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. हा प्रश्न एकाच घरचा नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा ह्यांच्याबरोबर आपला वाशीमही होता. शिवाय रोगाने, अपघाताने, सर्पदंशाने नवरे जातात, आणि प्रत्येकाच्या मागे एक बाई दाराशी बसून राहते. तिजला आपण कोणती आशा सांगतो, ह्याचा आज विचार करू.

प्रथम, जी खरी आशा नव्हे ती बाजूला काढू. आपल्यांतील पुष्कळ जण समाचारास गेले की म्हणतात, "बाई, रडू नकोस; विश्वासणाऱ्याने रडू नये." हे शास्त्राचे शिक्षण नव्हे. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस जे लिहिले, त्याचा अर्थ इतकाच की आपले दुःख आशाहीनांच्या दुःखासारखे नसावे. दुःखच करू नये असे त्याने कोठे म्हटले? बेथानीस प्रभु येशू लाजराच्या कबरेशी रडला. थोड्याच वेळाने आपण त्याला हाक मारून बाहेर बोलाविणार, हे त्यास ठाऊक होते, तरी तो रडला. पुनरुत्थान जाणणारा प्रभु जर रडला, तर न जाणणाऱ्या आपण दुसऱ्याच्या अश्रूंस बंदी घालणारे कोण?

नामीचे उदाहरण पाहा. नवरा आणि दोन्ही पुत्र परदेशी गमावून ती बेथलेहेमास परतली, तेव्हा तिने गावच्या बायांस सांगितले की मला आता गोड नावाने हाक मारू नका, कडू नावाने मारा, कारण देवानेच मला रिकामे केले आहे. असे कठोर शब्द! तरी पवित्र शास्त्राने ते जसेच्या तसे लिहून ठेविले. तिच्यावर अविश्वासाचा ठपका ठेविला नाही. जी बाई देवापाशी तक्रार करिते, तिने देवाला सोडिलेले नाही. परक्याकडे कोणी तक्रार नेत नाही.

आता त्या बंधूच्या प्रश्नातील अधिक कठीण भाग घेऊ. ज्याने स्वतःच जीव दिला, त्याच्याविषयी काही उपदेशक तत्काळ निकाल सांगून मोकळे होतात की तो नाशास गेला. आम्ही विचारितो, हा न्यायाधीशाचा अधिकार त्यांना कोणी दिला? जीवन हे देवाचे दान आहे, ते टाकून देणे बरे नव्हे, हे आम्ही निःसंशय सांगतो. ज्या बंधूच्या तोंडी "आता जगून काय उपयोग" अशी भाषा येऊ लागली असेल, त्यास एकटे सोडू नये, त्याच्या घरच्यांस सावध करावे, विलंब न करिता डॉक्टराकडे न्यावे, हेही सांगतो. परंतु जो गेला, त्याचे मन कर्जाने, निद्रानाशाने व लाजेने किती पिचले होते आणि शेवटच्या घटकेस त्याच्या अंतःकरणात काय झाले, हे फक्त एकाने पाहिले. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करील, असा अब्राहामास भरवसा होता. तो मृत मनुष्य त्याच्या हाती आहे. आमच्या हाती जिवंत विधवा आहे, आणि तिचा हिशेब आम्हांस द्यावा लागेल.

तिसरी गोष्ट "स्वर्गात भेट होईल" ही. ही आशा खरी आहे, आणि आम्ही तिला उणे लेखीत नाही. परंतु प्रभूने सदूकी लोकांस स्पष्ट सांगितले की पुनरुत्थानात लग्न करणे व करून देणे नाही. तेव्हा येथला संसार तेथे पुन्हा मांडून मिळेल, असे वचन आपण देऊ नये. शिवाय, ज्या बाईच्या घरी उद्याचे पीठ नाही, तिजला केवळ स्वर्गाकडे बोट दाखवून निघून येणे म्हणजे याकोबाने ज्या कोरड्या विश्वासाची निंदा केली तोच होय.

मग तिने कशाला धरावे? आम्ही म्हणतो, जो मरणातून उठला आणि जिवंत आहे, त्या ख्रिस्ताला. हे उत्तर ऐकण्यास सोपे वाटते. त्याचा अर्थ मात्र उकलून पाहावा. आपल्या देशात स्त्रीची सारी किंमत नवऱ्याच्या जिवात ठेविलेली असते. तो गेला की ती उरलेली, ओवाळून टाकलेली वस्तु होते. विधवेचे अर्धे दुःख नवऱ्याच्या मरणाचे असते, आणि अर्धे आपण आता कोणीच नाही ह्या जाणिवेचे. परंतु पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत रडणाऱ्या मग्दालीया मरियेस प्रभूने कोणाची बायको किंवा कोणाची आई म्हणून ओळखिले नाही. तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारिली. नवऱ्याच्या आधी देवाने तिला ओळखिले आणि नवऱ्याच्या नंतरही तो तिला ओळखितो. तिचे नाव तिच्या नवऱ्याबरोबर पुरले गेले नाही. विधवेने धरावयाचे ते हेच.

ह्या आशेची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रातील दोन बायांच्या आयुष्यात झाली आहे.

पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्यातील वर्षे मोजून पाहावीत. १८७४ च्या सुमारास उपासमारीत आईबाप गेले, त्यांच्यामागून थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीच्या रोगाने वारले. संसार दोन वर्षांचाही झाला नाही. बाईंचे वय तेवीस, आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु बाप्तिस्मा झाला आणि मनास पूर्ण शांति मिळाली, असे घडले नाही. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडण्यास त्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली, अशा अर्थाची साक्ष त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. सुवार्तिक बंधूंनो, हे ध्यानात ठेवा. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या त्या विदुषीस जर आठ वर्षे लागली, तर आपण तीन भेटींत निराश कसे व्हावे?

मात्र ह्या आठ वर्षांत बाई हात बांधून बसल्या नाहीत. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतांत जाऊन त्यांनी उपाशी मुली व विधवा जमविल्या आणि केडगावी मुक्ति सदन उभारिले. स्वतःचे दुःख पुरे संपल्यावर त्यांनी दुसऱ्यांचे अश्रू पुसावयास घेतले नाहीत. दुसऱ्यांचे पुसता पुसता त्यांची स्वतःची आशा दृढ झाली. दुःख काही त्यांस सोडून गेले नाही. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली. तरी बायबलाचे मराठी भाषांतर हाती होते, ते काम त्यांनी शेवटपर्यंत सोडिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. लक्ष्मीबाईंस शाळेचे शिक्षण असे नव्हते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' काव्य अपुरे राहिले होते, ते ह्या बाईंनी पुढे चालवून पुरे केले. वैधव्याची सतरा वर्षे त्यांनी काढिली. 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झालेला पाहून १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. त्या ग्रंथात टिळकांची थोरवी आहे तसा त्यांचा तापट स्वभावही आहे. प्रेम आहे, तक्रार आहे आणि पोट धरून हसावे असे विनोदही आहेत. ह्यांतून आमच्या विधवा भगिनींनी एक शिकावे. गेलेल्या नवऱ्यास देवता करण्याची गरज नाही. त्याची आठवण खरी ठेवावी. आणि जो आपणास न सांगता, अर्ध्या वाटेत टाकून गेला, त्याच्याविषयी मनात प्रेमाबरोबर राग उठला, तर तोही प्रभूपुढे मोकळेपणाने ओतावा. आपण पापिणी आहो असे मानू नये.

आता मंडळीचे कर्तव्य. वधस्तंभावर असता प्रभूने आपल्या आईस शब्दांचे सांत्वन देऊन थांबविले नाही. एका शिष्यास तिचा पुत्र नेमून दिले, आणि त्या घटकेपासून तिला घर मिळाले. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना केवळ धीर धरण्याचा उपदेश केला नाही. सात माणसे निवडून कामास लाविली. ज्या आशेस मंडळीचे हातपाय नाहीत, ती आशा विधवेच्या दारापर्यंत चालत जात नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या घरांतील रूढि. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे ह्या चाली गावात बंद कराव्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींस तसे करण्यास सांगितले. आणि आमच्या ख्रिस्ती घरांत? अजून कित्येक ठिकाणी सासूबाईच पुढे होऊन बांगड्या फोडितात, आणि लग्नात विधवा मावशीस मागच्या रांगेत बसवितात. जे एका ग्रामपंचायतीस उमगले, ते प्रभूच्या मंडळीस उमगू नये, ही लाजेची गोष्ट होय.

दुसरी, तिचा हक्क. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता वारला आणि मागे लेकरे असली, तर त्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा विधवेचा व उरलेले दोन हिस्से लेकरांचे असतात. दीरभावांनी गोड बोलून कोऱ्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी मंडळीच्या वडिलांनी तिजबरोबर तलाठ्याकडे जावे आणि सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घ्यावी. हे काम प्रार्थनेपेक्षा हलके नव्हे.

तिसरी, तिचे पुढील आयुष्य. पौलाने विधवेस प्रभूमध्ये पुन्हा लग्न करण्याची मोकळीक दिली आहे. शारदा सदनातील विधवा गोदूबाई ह्यांनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह केला, त्याची फळे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. कोणी पुन्हा संसार करील, कोणी करणार नाही. हा निर्णय तिचा असावा. तिने लग्न केले तर कुजबुज करू नये, आणि न केले तर तिजवर पहारा ठेवू नये.

वाचकांस त्या बाईचे पुढे काय झाले, हे जाणण्याची इच्छा असेल. चौथ्या वेळी सुवार्तिक एकटा गेला नाही. त्याची बायको बरोबर गेली, आणि ती तेथे काही न बोलता दिवसभर बसली. दोघींनी मिळून तूर निवडली. पुढच्या सोमवारी सुवार्तिक तिजबरोबर तलाठ्याच्या कचेरीत गेला. सोयाबीन सोंगण्यास मंडळीतील सात जण आपापले विळे घेऊन आले. ती बाई अजून रडते. तिचे दुःख गेले, असे आम्ही लिहिणार नाही. परंतु मागच्या महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा तिने स्वतः उठून प्रार्थना केली, आणि तीत आपल्या नवऱ्याचे नाव घेतले, लेकरांची घेतली आणि शेवटी स्वतःचे घेतले. ते ऐकून आम्हांस वाटले की हिला धरावयास काही मिळाले आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गावात आज कोणत्या दाराशी कोण बसली आहे, ते आठवा. तिजकडे जा. शास्त्र अवश्य न्या, विळाही न्या. विधवांचा कैवारी जो देव, तो तेथे तुमच्या आधी पोहोचलेला आढळेल. आमेन.