केव्हांपासून दुखतें?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांत एक बाप आजारी मुलास प्रभूकडे आणितो. मुलाला हें केव्हांपासून होत आहे, असें प्रभु बरें करण्याआधीं त्यास विचारितो. बाप सांगतो, बाळपणापासून.

शिरूर व दौंडकडील बंधुभगिनींनो, आपण असें विचारितों काय? मुलांसहि सांधेवात होतो. सकाळीं सांधे धरतात, दुपारीं तेंच मूल खेळतें. मग आपण म्हणतों, शाळा चुकविण्याचें ढोंग! आणि आईस म्हणतों, तुझा विश्वास उणा. हें तर दुखण्याहून क्रूर. त्या बापाचाहि विश्वास अपुराच होता. प्रभूनें त्यास परत लाविलें नाहीं.

तान्ह्या बाळांस वेदना फारशी कळत नाहीं, असें पुष्कळ डॉक्टरहि मानीत. १९८७ सालीं डॉ. कंवलजीत आनंद व हिकी यांनीं त्याविरुद्ध पुरावा मांडिला. नंदुरबार व गडचिरोलीकडे सिकलसेलच्या मुलांस थंडीनें, पाणी कमी पडल्यानें हाडांत असह्य कळा येतात. ऊब, भरपूर पाणी व डॉक्टरांनीं दिलेली हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी यांनीं त्या कमी होतात. रात्रीं जागणें मात्र आईबापांसच पडतें.

ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट बसले, तोंवर बरे होते. उपदेशकांनीं अशा घरीं प्रार्थना थोडक्यांत करावी, मुलाजवळ स्वतः बसावें, आणि आईस दोन तास निजूं द्यावें.