आरमाराच्या भाकरीचा प्रश्न

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते विनोबांचे जन्मगाव म्हणून. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा इथे जन्मले, तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. अलिबागसमोरच्या आंग्र्यांच्या जलदुर्गाचे नाव साऱ्या मुलखाला मिळाले होते, आणि 1981 मध्ये जिल्हा रायगड होईपर्यंत ते टिकले. गागोदे मात्र खाडीपासून आत, डोंगरांच्या अंगाला, भातशेतीचे गाव. जिल्ह्याला दर्यातल्या किल्ल्याचे नाव आणि गावातून दर्या दिसत नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपण सागरी इतिहास नेहमी तटबंदीवर उभे राहून वाचतो. गलबते, तोफा, वेढे एवढेच तिथून दिसते. आरमार पोसायचे कोणी हा प्रश्न आतल्या गावांत उभा राहिले की दिसतो. आरमार आणि चाचेगिरी यांच्यातली सीमारेषा याच प्रश्नावर आखली गेली, असे माझे मत आहे. ती आखायला पाचशे वर्षे लागली.

तेराव्या शतकात ही रेषा जवळजवळ नव्हतीच. बोरिवलीजवळच्या एक्सर इथल्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची झुंज कोरलेली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध देवगिरीच्या महादेव यादवाने शिलाहार राजा सोमेश्वराविरुद्ध केलेल्या मोहिमेशी जोडतात. त्या युद्धात सोमेश्वराचा शेवट समुद्रावर झाला आणि उत्तर कोकणचे शिलाहार राज्य संपले. त्यानंतर काही दशकांतच मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल एक नोंद करून ठेवली. इथल्या समुद्री लुटारूंशी राजाचा करार होता: पकडलेल्या गलबतातले घोडे राजाचे, उरलेला सगळा माल लुटारूंचा. घोडे अरबस्तान आणि इराणच्या बाजूने समुद्रमार्गे येत, फार महाग पडत आणि लढाईला ते हवेच असत. राजाने आरमारावर पैसा खर्च केला नाही, लुटारूंच्या पोटाची सोय परक्या व्यापाऱ्यांच्या मालातून झाली आणि राजाला घोडे मिळाले. या व्यवस्थेत राजा कुठे संपतो आणि लुटारू कुठे सुरू होतो, हे कोणी सांगावे?

पोर्तुगीज आले आणि लुटीला कागद मिळाला. 1508 मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्तच्या मामलुकांचे आणि दीवच्या मलिक अयाझचे आरमार एकत्र आले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा त्या लढाईत पडला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी याचा वचपा काढला आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या तोडीचे आरमार उरले नाही. त्यांचे खरे हत्यार मात्र तोफेपेक्षा परवाना होते, कार्ताझ. त्याची फी किरकोळ असे. पण परवाना घेणाऱ्याने पोर्तुगीज बंदरात यायचे, तिथे जकात भरायची आणि त्यांनी मक्त्याचा ठरवलेला माल न्यायचा नाही, ही अट असे. परवाना नसेल तर गलबत जप्त. शतकानुशतके ज्या पाण्यातून गुजराती, अरब, कोकणी तांडेल कोणाला न विचारता गेले, तिथे आता विचारावे लागू लागले. मोगल बादशहाच्या हजच्या जहाजांनाही हा परवाना घ्यावा लागे. समुद्राला मालक असू शकतो ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर अशी, जकातीच्या पावतीच्या रूपाने उतरली.

तिला युरोपातच विरोध झाला, पण तोही निर्मळ नव्हता. डच कंपनीच्या माणसांनी 1603 मध्ये सिंगापूरजवळ सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या लुटीचे समर्थन करण्यासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाने लेखन हाती घेतले आणि त्यातूनच समुद्र सर्वांना मोकळा आहे हे सांगणारा त्याचा 1609 चा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. विचार थोर आहे. तो एका जप्त जहाजाच्या मालाचा हिशेब चुकवताना जन्माला आला, हेही विसरता येत नाही.

शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर जहाजबांधणी सुरू केली. 1664 मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. 1679 मध्ये खांदेरीसाठी मायनाक भंडारी आणि दौलतखान इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंजले. हा पराक्रम शाळेपासून आपल्याला माहीत असतो. त्यामागची शिस्त कमी सांगितली जाते. लूट सरकारजमा व्हावी आणि शिपायाला ठरलेला पगार मिळावा, हे महाराजांच्या फौजेचे सूत्र होते. समुद्रावर ते लागू करणे जास्त अवघड. घोडदळ मुलखातून फिरते. गलबतातल्या खलाशाच्या पुढे फक्त पाणी असते आणि त्या पाण्यावरून जाणारा दुसऱ्याचा माल.

या अडचणीवरचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला आज्ञापत्रात सापडते. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात हा ग्रंथ सिद्ध केला. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, हे त्यातले वाक्य भाषणांतून वारंवार ऐकू येते. त्याच्या पुढचे मात्र कोणी ऐकवत नाही. अमात्य सांगतात की आरमाराच्या खर्चासाठी मुलूख नेमून द्यावा. पकडलेल्या मालाच्या आणि बंदराच्या उत्पन्नावर त्याला जगायला लावू नये. तसे केले तर सावकारांना उपद्रव होतो, ते बंदर सोडून जातात आणि बंदर ओस पडते. लुटीवर पोसलेले आरमार स्वतःच्याच राज्याचा व्यापार खाते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा राज्यकर्ता त्या काळच्या युरोपात शोधावा लागेल. तिथल्या राजेशाही आरमारांत पकडलेल्या जहाजाची किंमत कप्तानापासून खलाशापर्यंत वाटून देणे हा कायदाच होता.

इथे डोंगराकडची गावे या गोष्टीत येतात. मुलूख नेमून द्यावा, म्हणजे भातखाचरांचा वसूल गलबतांकडे जावा. जहाजाला सागवान लागे, तेही रानातलेच. त्याबद्दलही अमात्यांची ताकीद आहे: रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, अगदी जीर्ण झालेले झाड लागलेच, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. व्यापाऱ्याला लुटीतून सोडवायचे तर शेतकऱ्यावर भार येतो, तेव्हा तो भारही मर्यादेत हवा, ही दुहेरी जाणीव त्या पानांत आहे. गागोद्यात जन्मलेल्या माणसाने पुढे जमिनीच्या मालकीचाच प्रश्न देशभर पायी फिरून विचारला, हे वेगळ्या काळाचे प्रकरण. तरी दोन्हीकडे वसूल देणाऱ्या माणसाकडे पाहणारी नजर आहे, असे मला वाटते.

कान्होजी आंग्रे 1713-14 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कोल्हापूरची बाजू सोडून शाहूंच्या पक्षात गेले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच, आरमाराचा सरखेल गमावलेल्या दरबारातून, आज्ञापत्र यावे याला अर्थ आहे. आरमार दुसऱ्याच्या बाजूला गेले तर राज्याचे काय होते, हे अमात्यांनी नुकतेच पाहिले होते.

कान्होजींची अडचण मला याच उजेडात समजते. त्यांच्याकडे किल्ले होते, पण सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसूल तो किती येणार? त्यातल्याच गावांवर जंजिऱ्याच्या सिद्दीचाही डोळा. सिद्दीला निदान मोगलांकडून सुरतेच्या उत्पन्नातून नेमणूक मिळे. कान्होजींनी पोर्तुगीजांचेच शस्त्र उचलले आणि स्वतःचे दस्तक सुरू केले. मुंबईकर इंग्रजांशी 1713 मध्ये तह झाला, पण भांडण मिटले नाही. कंपनी आपले परवाने इतर व्यापाऱ्यांनाही देई आणि ती जहाजे आपली म्हणून सांगे. कान्होजींचे म्हणणे असे की तह कंपनीच्या जहाजांपुरता आहे. इंग्रजांच्या कागदांत ते लुटारू ठरले ते या वादातून. 1724 च्या पत्रव्यवहारात त्यांनी मुंबईचा गव्हर्नर फिप्स याला बजावले की दुसऱ्याच्या मालाचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. 1729 मध्ये कान्होजी वारले तेव्हा त्यांचे पाणी त्यांचेच होते.

त्यांना चाचा म्हणणे मला मान्य नाही. ते छत्रपतींचे सरखेल होते आणि त्यांच्या दस्तकामागे राज्य होते. पण एवढे म्हणून थांबणे मला अप्रामाणिक वाटते. अमात्यांनी ज्या धोक्याबद्दल बजावले होते, तो आंग्र्यांच्या आरमाराने पत्करला होता. दस्तकाशिवाय पकडलेल्या प्रत्येक गलबताचा मालक परका शत्रूच होता असे नाही. पुष्कळदा तो सुरतेचा किंवा मलबारचा साधा सावकार असे. त्याला कार्ताझ, कंपनीचा परवाना आणि आंग्र्यांचे दस्तक यांतला फरक तो काय कळणार?

1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज त्यांच्या साथीला होती, आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. लुटारूंचा अड्डा मोडला म्हणून ज्यांनी आनंद केला, त्यांनी किल्ल्यातला सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज आपसांत वाटून घेतला. तीनच वर्षांनी, 1759 मध्ये, कंपनीने सुरतेचा किल्ला आणि त्याबरोबर मोगल आरमाराचे पद आपल्याकडे घेतले. त्या पदाला जोडलेली वार्षिक नेमणूकही तिच्याकडे आली. समुद्र राखायचा तर मागे ठरलेले उत्पन्न हवे, हे कंपनीने ओळखले होते. ज्या पेशव्यांनी आपले आरमार जळू दिले, त्यांच्या दरबारात हे कळणारे कोणी उरले नव्हते का, या प्रश्नाने आजही जीव तुटतो.

युरोपातल्या सत्तांनी खासगी जहाजांना लुटीचे परवाने देणे सोडले ते 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने. विजयदुर्गानंतर बरोबर शंभर वर्षांनी. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात चाचेगिरीची मुख्य खूण खासगी हेतू ही आहे. भारताने 2022 मध्ये स्वतंत्र चाचेगिरीविरोधी कायदा केला. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने ‘रुएन’ या मालवाहू जहाजावर पकडलेले 35 सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले; जहाजावरचे 17 खलाशी सुटले. हे व्हायलाच हवे होते, त्या 17 जणांचे जीव मोलाचे होते. न्यायालय त्या आरोपींचा हेतू आणि कृत्य तपासेल. अमात्यांच्या पद्धतीने विचार करणारा माणूस आणखी एक चौकशी करील: 1991 मध्ये सोमालियाचे सरकार कोसळल्यापासून तिथल्या किनाऱ्यावर समुद्र राखणाऱ्यांना पगार कोण देत होते, आणि तो कोणत्या वसुलातून?